खालच्या फळीवरच्या आया

१

दुपारची झोप घरभर पसरली होती, आणि तेवढ्यात डाळीचा डबा थडथडायला लागला. वाजत होता तो खरं तर डब्यावर ठेवलेला माझा फोन. सई उठू नये म्हणून मी त्याचा आवाज बंद केला होता, पण ठेवला मात्र नेमका स्टीलच्या झाकणावर. धावत जाऊन उचलला, छातीशी दाबला आणि बाल्कनीत आले. आत सईने कूस बदलली. उठली नाही.

"वल्लरीताई, उंदरिणींनी पिल्लं उचलली."

हादियाचा आवाज रडून बसला होता.

"मग? उचलायचीच होती ना?"

"तेलवाल्यांनी उचलली, ताई. तेलवाल्यांनी!"

मी पालथ्या बादलीवर बसले.

मी प्राण्यांची डॉक्टर. पळस्प्याच्या पुढे एक संशोधन संस्था आहे, तिथल्या उंदरांची तब्येत माझ्याकडे. सई झाल्यापासून आठवड्यातल्या मोजक्याच सकाळी जाते. हादिया तिथे पीएच.डी. करते. विषय असा, की उंदरीण आई कशी होते.

न व्यालेल्या उंदरिणीला पिल्लू आवडत नाही. लाल, उघडं, वळवळणारं ते काहीतरी समोर ठेवलं की तिला त्याचा वास सहन होत नाही. ती कोपऱ्यात पळते, वर त्याच्यावर भुसा उडवते. तीच गाभण राहिली की शेवटी शेवटी तिच्या रक्तातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, चढतं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, त्याने एक वाट जागी होते. 'पळ' म्हणणारी जुनी वाट दबते आणि 'जवळ घे' म्हणणारी उघडते. हे दाखवण्यासाठी हादियाने कोवळ्या माद्यांची अंडाशयं काढली. निम्म्यांना तिळाच्या तेलात मिसळून संप्रेरक टोचलं, निम्म्यांना नुसतं तिळाचं तेल. मग पिंजऱ्यात दुसरीची पिल्लं सोडायची. संप्रेरकवाल्यांनी ती तोंडात धरून घरट्यात न्यायची आणि तेलवाल्यांनी तोंड फिरवायचं, असं अपेक्षित होतं.

"मॅडम म्हणतात बाटल्या बदलल्या गेल्या," हादिया म्हणाली. "आणि इंजेक्शनं मी एकटीच देते. उद्या तुम्हाला बोलावलंय. तुम्ही लिहून दिलंत की त्या पुढचं बघणार."

"पुढचं म्हणजे?"

"मला काढणार, ताई."

२

सकाळी सईला समोरच्या दारात, अंकिताकडे सोडलं. अंकिता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत घरीच असते. कामोठ्याहून रिक्षा धरून संस्थेत पोचले तेव्हा समीक्षा मॅडम दारातच उभ्या होत्या. त्या या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

"चहा घेणार? नको घेऊस, मशीनचा आहे. बस. वल्लरी, मला भावना नकोत. तेलवाल्या आईसारख्या वागल्या, म्हणजे त्यांना संप्रेरक मिळालं. बाटल्या हादियाच्या कपाटात, किल्ली हादियाकडे, सुई हादियाच्या हातात. एक तर निष्काळजीपणा, नाहीतर मुद्दाम."

"मुद्दाम कशाला करेल? प्रबंध तिचाच बुडतोय."

"ते तिला विचार. पुढच्या महिन्यात पीएच.डी.ची समिती बसतेय. असे आकडे समितीपुढे ठेवले तर माझीही जुनी कामं लोक उकरायला घेतील. तू फक्त लिहून दे, गडबड झाली का आणि कुणाकडून."

तेवढ्यात दीपेशने दारातून डोकं आत घातलं. हादियाला सीनियर, जिभेला हाड नाही. "काय डॉक्टर, उंदरांची चौकशी? वकील दिलाय का त्यांना?"

"तू दे की."

"माझी फी परवडणार नाही. धान्य खात नाही मी."

हादिया व्हरांड्यात बाकावर बसली होती. स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"खरं सांग. एखाद्या वेळी बाटली चुकली असेल?"

"अल्लाह कसम, नाही." मग म्हणाली, "पण काल रात्रीपासून माझाच माझ्यावर भरवसा उडालाय. अब्बू तिकडे कतारला, दोह्यात सगळ्यांना सांगत फिरतात, माझी लेक उंदरांची डॉक्टर होणार. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं त्यांनी परत पाठवली. मला काढलं तर ते एका शब्दानं बोलणार नाहीत, ताई. तेच मला झेपणार नाही."

मी हातमोजे चढवले. जिच्या अंगात संप्रेरक गेलंय, तिचं अंग ते लपवू शकत नाही. तिथूनच सुरुवात करायची होती.

३

इस्ट्रोजेन फक्त डोक्यात राहत नाही. मादीच्या योनीतल्या अस्तराच्या पेशीही त्याने बदलतात. मिठाच्या पाण्याचा एक थेंब आत सोडून परत ओढून घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. अंगात इस्ट्रोजेन असेल तर पेशी पातळ पोह्यांसारख्या दिसतात, चपट्या, कडा दुमडलेल्या. नसेल तर मोहरी सांडावी तसे बारीक गोल दाणे.

हादियाला मी या कामापासून लांब ठेवलं. पट्ट्यांवर आकडे दीपेशने घातले, कुठली पट्टी कुणाची ते मला कळू नये म्हणून. मी बघत गेले आणि सांगत गेले. पोहे. मोहरी. मोहरी. पोहे.

शेवटी दीपेशने उत्तरं जुळवली. त्याचा थट्टेचा सूर गेला होता.

"संप्रेरकवाल्या सगळ्या पोहे. तेलवाल्या झाडून सगळ्या मोहरी."

म्हणजे बाटल्या बदलल्या नव्हत्या. सुई चुकली नव्हती. त्या माद्यांच्या अंगात इस्ट्रोजेनचा मागमूसही नव्हता. मी हादियाकडे बघून हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि मग चष्मा परत घातला.

"संप्रेरक नाही, तर पिल्लं उचलणार कशी? उचललीच नसतील." त्या हादियाकडे वळल्या. "आकडे तू मनाने लिहिलेस का?"

निष्काळजीपणाला एक वेळ माफी असते. आकडे बनवणाऱ्याला आमच्या जगात पुन्हा दार उघडत नाही.

४

"मग आपल्यासमोर होऊ दे," मी म्हणाले. "आत्ता, सगळ्यांदेखत."

उंदरांच्या खोलीत शिरताना अंगावर काटा आला. एसी भलताच गार होता. सिंकला लागून तेलवाल्यांचा रॅक, वर एक फळी, खाली एक फळी. संप्रेरकवाल्यांचा रॅक समोरच्या भिंतीला. पिल्लांना दूध पाजणाऱ्या आया दाराजवळ वेगळ्या. चाचणीसाठी पिल्लं घ्यायची ती त्यांच्याकडूनच.

"काल कुठून सुरुवात केलीस?"

"खालच्या फळीपासून," हादिया म्हणाली. "तेवढीच झाली. घाबरून थांबले."

खालच्या पहिल्या पिंजऱ्यात तीन कोपऱ्यांत तीन पिल्लं ठेवली. मादीने नाक वर केलं, चालत गेली, एकाला मानेच्या कातडीला धरून उचललं, घरट्यात नेऊन ठेवलं. दुसरं नेलं. तिसरं नेलं. मग तिघांवर पोट टाकून बसली. दुधाचा थेंब नसलेलं पोट ते. मॅडमच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं.

खालच्या फळीवरच्या जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं.

"आता वरची फळी," मी म्हणाले.

वरच्या पहिलीने पिल्लू हुंगलं आणि दचकून मागे सरली. दुसरीने त्याच्यावर भुसा लोटला. वरच्या एकीनेही पिल्लाला तोंड लावलं नाही.

एकच तेल, एकच सुई, एकच हात. वेगळी होती ती फक्त फळी. हादियाने आकडे बनवले नव्हते हे मॅडमना दिसलं, पण त्या म्हणाल्या, "मग खालच्या फळीला कुणीतरी काहीतरी केलंय. खोलीत रोज येते कोण? तीच. पुरावा आण, वल्लरी, नाहीतर समितीपुढे मी तिची बाजू घेऊ शकत नाही."

मी खालचे पिंजरे उपसले. भाताच्या तुसात मला पांढरं काहीतरी दिसलं. कापसाचे तंतू. कापूस फक्त पाजणाऱ्या आयांना मिळतो, घरटं करायला. तेलवाल्यांना नुसता भुसा. वरच्या फळीवर कापसाचा धागाही नव्हता.

हादियाखेरीज खोलीची किल्ली दीपेशकडे होती आणि खोली झाडणाऱ्या गुणाबाईंकडे. दीपेशला व्हरांड्यात गाठलं.

"तू त्या खोलीत तासन् तास बसतोस म्हणे. काय करतोस?"

"गार हवा खातो. आमच्या खोलीतला पंखा नुसता गरगरतो."

"एसी इतका गार तूच केलास?"

"मीच. तो गाऊन आणि टोपी घालून उभ्या राहा, मग विचारा."

"हादियाशी भांडण झालं होतं ना तुझं?"

"रोज होतं. डॉक्टर, माझा प्रबंध कधीच जमा झालाय. ती बुडाली तर मला काय मिळणार, तिची खुर्ची? तिचं एक चाक तुटलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिने केलेलं नाही हे. ती वजन करतानासुद्धा उंदराला सॉरी म्हणते."

खरं बोलत होता असं वाटलं. पण मग कापूस चालत गेला का?

५

डोक्यात कापूस घेऊनच घरी आले. जिन्यातच सईचं रडणं ऐकू आलं, पडल्यावरचं, श्वास अडकवून काढलेलं. मी दोन-दोन पायऱ्या चढले. अंकिताचं दार उघडंच होतं. ती पुस्तकात मान घालून बसली होती, आणि मान वर न करताच तिचा हात लांब झाला, त्याने सईला बगलेत घेतलं, आणि तो पाठीवर गोल गोल फिरायला लागला. सई दोन हुंदके देऊन गप्प.

"कुठे लागलं?" मी विचारलं.

"कुठेच नाही. झोप आलीय तिला. झोप आली की मुद्दाम पडते ती. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. जरासा हेवा वाटला. मग तोही विरला, कारण मला जुनी अंकिता आठवली. सई तान्ही असताना मी तिच्या हातात दिली, तर तिने गरम पातेलं धरावं तशी धरली होती. "ताई, घे बाई परत. मला लहान मुलांचं नाही जमत. तो दुधाचा वास आला की कसंतरी होतं."

"अंकिता, तुला आता तो वास येत नाही का गं?"

"कसला?"

"दुधाचा. सईचा."

तिने सईच्या टाळूवर नाक टेकवलं, विचार केला. "येतो की. काय झालं मग?"

ती कधी गरोदर नव्हती. तिला कुणी काही टोचलं नव्हतं. फक्त मी सकाळी पोर तिच्या दारात ठेवून जात होते, पुन्हा पुन्हा, तिला सवय होईपर्यंत.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. शिकताना कुठेतरी वाचलेलं वर आलं. न व्यालेल्या उंदरिणीच्या सोबत पिल्लं ठेवत राहिलं की हळूहळू तिला वासाची भीती उरत नाही. 'पळ' म्हणणारी वाट दमते. मग संप्रेरक नसतानाही दुसरी वाट उघडते, जरा उशिरा, जरा चाचपडत, पण उघडते.

कुणीतरी खालच्या फळीवर पिल्लं ठेवत होतं. रोज.

६

गुणाबाई सिंकपाशी पिंजरे घासत होत्या. उरणच्या बाजूच्या, मिठागरवाल्या घरातल्या. संस्थेत आल्यापासून मला 'बाय' म्हणतात.

"गुणाबाई, आयांचे पिंजरे धुताना पिल्लं कुठे ठेवता?"

घासणी थांबली. "टबान ठेवाची. मॅडमनी सांगलंय तसा."

"सांगितलंय ते मला माहीत आहे. ठेवता कुठे?"

त्यांनी नळ बंद केला.

"तुमी हात लावून बगा त्या टबाला, बाय. बरफ हाय बरफ. ह्यो नवा गारवा चालू झाल्यापासून पोरा निळी पडाला लागली. मंग ठेवली हिकडं." त्यांनी पायाने खालच्या फळीकडे दाखवलं. "वाकला का हाताशी हाय. कापसासकट उचलाची, कापसासकट ठेवाची, धुऊन झाला का परत."

"पण यांच्याकडेच का?"

"आमच्या गावान बायका मिठागरावर जातान, तवा पोर कुणाकडं ठेवतान? जिचे हात रिकामे हायेत तिच्याकडं. मंग ती कुणाची का असना. आमी समदी तशीच वाढलो. ह्या तेलवाल्या दिसभर बसूनच असतान."

"चावली असती म्हणजे?"

"तवा मी उभी राहून बगितला ना! पयली पलाली कोपऱ्यान. नाक मुरडलान, भुसा काय उडवलान! लय दिस असाच चालला. मंग एकदा बगते, तर पोटाखाली घेतलान." सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. माझ्याकडे बघून मावळला. "काय चुकला काय माजा?"

"या माद्यांनी पिल्लांना जवळ घ्यायचं नव्हतं, गुणाबाई. त्यांनी घेतलं, म्हणून हादियाने काहीतरी केलं असं सगळ्यांना वाटतंय. तिला काढतायत."

"त्या पोरीला? तिनं काय केला?" गुणाबाईंनी हात लुगड्याला पुसले. "चला. कोनाला सांगाचा ते दाखवा."

७

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी मानते. पण समिती म्हणेल, मुलीला वाचवायला बाईंना पढवलं."

"मग त्यांना दाखवू. वरची फळी अजून कोरी आहे."

हादिया पहिल्यांदाच मध्ये बोलली. "मी खोलीत पाऊलसुद्धा ठेवणार नाही. किल्ली दीपेशकडे द्या. भांडखोर आहे, पण माझ्यासाठी खोटं बोलणार नाही."

"खोटं? तुझ्यासाठी? शक्यच नाही," दीपेश म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली.

रोज सकाळी आयांचे पिंजरे धुवायच्या वेळी पिल्लं वरच्या फळीवर जायची, दीपेशसमोर, कापसासकट. काचपट्ट्या मी बघायचे. मोहरी, नुसती मोहरी. सुरुवातीला वरच्या माद्यांनी भुसा उडवला, कोपरे धरले. समितीची तारीख जवळ येत गेली तशी हादिया मला फोन करायची आणि नुसतं "ताई?" म्हणायची. मीही "अजून नाही" एवढंच म्हणायचे. अब्बूंना तिने काही सांगितलं नव्हतं. ते मजेत विचारायचे, "उंदीर काय म्हणतात?"

समितीला जेमतेम दोन दिवस उरले असताना दीपेशचा फोन आला. मी सईची वेणी घालत होते.

"डॉक्टर, वरच्या एकीने उचललं." त्याचा श्वास लागला होता. "उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. घरटं कुठलं तेच तिला ठरवता येईना. पण नेलं शेवटी."

दुसऱ्या दिवशी आणखी तिघींनी नेलं. समितीची माणसं आली तेव्हा त्यांना कागद दाखवायच्या आधी मॅडम त्यांना खोलीत घेऊन गेल्या. बाहेर आल्यावर त्यातल्या वयस्क गृहस्थांनी हादियाला एकच प्रश्न विचारला. "मग आता कुठली वाट आधी बदलते, वासाची की जवळ घेण्याची? हे तुम्ही शोधणार का?"

"शोधेन, सर," हादिया म्हणाली.

माझ्या अहवालात मी लिहिलं, की हादियाचा दोष नाही. गुणाबाईंबद्दल लिहिलं, की पिल्लं गारठू नयेत याची सोय करणं आमचं काम होतं, ते आम्ही केलं नाही. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं, पण खोडलं नाही. टबाखाली आता गरम गादी आहे आणि एसीच्या बटणावर दीपेशला हात लावायला बंदी.

हादियाने व्हरांड्यातूनच दोह्याला फोन लावला.

"अब्बू, सब खैरियत. नाही, रडत नाही. सर्दी झालीय."

त्या संध्याकाळी पिल्लं आपापल्या आयांकडे गेली, कायमची. हादियाचं पुढचं काम वरच्या-खालच्या दोन्ही फळ्यांवरून सुरू होणार होतं, आणि ते कुठे संपतं हे मला माहीत आहे. त्या माद्यांच्या मेंदूच्या पातळ चकत्या काचेवर ठेवल्यावरच ती वाट दिसते.

८

दुसऱ्या दिवशी घरी होते. सई जेवायला कटकट करत होती, म्हणून वरणभाताच्या घासाघासाला मी तिला ही गोष्ट सांगितली. चकत्यांचा भाग गाळून. उंदीरमावशी होती, तिला बाळं नव्हती, बाळांचा वास आवडत नव्हता. मग एक आजी तिच्याकडे रोज थोडा वेळ दुसऱ्यांची बाळं ठेवायची. मावशी घाबरायची. मग एक दिवस घाबरली नाही. मग तिने सगळ्या बाळांना गोळा करून पोटाखाली घेतलं, आणि एका ताईची मोठी अडचण सुटली.

"मग?"

"मग बाळं आपल्या आईकडे परत गेली. संपली गोष्ट. आ कर."

सईने तोंड उघडलं नाही. ताटात वरणाची वाट काढत बसली, बोटाने, या भाताच्या ढिगापासून त्या ढिगापर्यंत. तिची भुवई अशी आत ओढली गेली की तिचं काहीतरी चाललेलं असतं.

"आई, नेताना मावशीला विचारलं का?"